झाडावरच्या स्टँडसाठी कोणतं धनुष्य?

प्रश्न : मी मिशिगनमध्ये राहतो. १ ऑक्टोबरपासून इथे धनुष्याने हरणाची शिकार सुरू होते, परवाना काढलाय. झाडावरच्या स्टँडसाठी (झाडाला बांधलेली बसायची जागा) ६६ इंची लाँगबो (सरळ, लांब धनुष्य) घेऊ की ६० इंची रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य)? माझी ओढ, म्हणजे दोरी मागे खेचण्याचं अंतर, २७ इंच आहे.

उत्तर : रिकर्व्ह घ्या. बसल्या जागी लांब धनुष्याचं खालचं टोक मांडीला किंवा स्टँडच्या कडेला लागतं, आणि तेवढा 'टक्' झाला की हरीण पसार. पण ५२ इंचीच्या मोहातही पडू नका. दोरीचा कोन अरुंद होऊन बोटं चिमटतात.

धनुष्यावर लिहिलेला जोर २८ इंच ओढीचा असतो. ४५ पौंडी धनुष्य तुमच्या हातात साधारण ४३ भरेल. तेवढं पुरे. थंडीत तासन्‌तास स्तब्ध बसल्यावर ५५ पौंड ओढून बघा, मग कळेल!

मुठीच्या खोलगट भागापासून दोरीपर्यंत साडेसात-आठ इंच अंतर ठेवा. दोरीचा पीळ थोडा थोडा वाढवत बाण सोडा. आवाज सर्वांत मऊ येईल तिथे थांबा.

खाली नेम धरताना नुसता हात झुकवू नका, कमरेतून वाका. नाहीतर ओढ आखडते आणि नेम बिघडतो. सराव उंचावरूनच, शिकारीचं जाड जॅकेट घालून करा. १५ यार्डांपलीकडे बाण सोडूच नका. जखमी जनावर जंगलात तडफडत राहणं मला मुळीच मान्य नाही.

हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा अंगावरचा पट्टा) जमिनीवरच बांधा. धनुष्य वर बसल्यावर दोरीने ओढून घ्या, बाणांची पाती झाकलेली असू द्या.