लग्न ‘लागतं’ की फक्त ‘होतं’?

प्रश्न असा आहे: “आम्ही दोघं रजिस्टर लग्न करणार आहोत. बाबा म्हणतात असं लग्न ‘होतं’, ‘लागत’ नाही. शब्द म्हणून हे बरोबर आहे का?”

बाबांच्या म्हणण्याला आधार आहे, पण अर्धाच. लग्न हा शब्द संस्कृतातल्या लग् धातूवरून आलाय, अर्थ जोडलेलं, चिकटलेलं (‘संलग्न’मध्ये तोच बसलाय), आणि आपलं ‘लागणे’ही तिथूनच आलं. ज्योतिषात त्या वेळी पूर्व क्षितिजाला जी रास लागलेली असते तिला लग्न म्हणतात. ती वेळ साधायला पूर्वी घंगाळातल्या पाण्यावर बुडाशी बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायचे, ती भरून बुडली की एक घटका म्हणजे २४ मिनिटं झाली. मग अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, की लग्न लागलं! म्हणजे या ‘लागण्यात’ मुहूर्तही आहे आणि जोडलं जाणंही आहे, बाबा फक्त मुहूर्त धरून बसलेत.

आणि लावणे-लागणेमधला फरक बघा. रोप आपण लावतो, पण लागतं ते रोपच, मातीत मूळ धरलं तर. लग्नही भटजी लावतात नाहीतर अधिकारी लावतात, लागायचं त्या दोघांचं काम.

मला खरं खटकतं ते वेगळंच क्रियापद. मुलाचं लग्न आपण ‘करतो’ आणि मुलीचं ‘करून देतो’, “कुठे दिली मुलगी?” हे तर आजही सर्रास विचारतात. मुलगी शिकलेली, कमावती, जोडीदार स्वतः निवडलेला, तरी वाक्यात ती कर्मच. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. सत्यशोधक लग्नात महात्मा फुल्यांच्या मंगलाष्टकांमधून वधू-वर स्वतः एकमेकांशी बोलतात, आणि अशा सत्यशोधक लग्नांची सुरुवात १८७३ ची आहे!

मावसबहिणीच्या रजिस्टर लग्नात मी साक्षीदार होते. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे तीन साक्षीदार लागतात आणि त्यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना “मी तुला कायदेशीर पती म्हणून, पत्नी म्हणून स्वीकारते, स्वीकारतो” असं तोंडाने म्हणायचं असतं, आपल्याला कळणाऱ्या भाषेत. तिच्या मोठ्या बहिणीच्या लग्नात भटजी बोलले, मामा बोलले, नवरी मान खाली घालून उभी होती. इथे हिचा आवाज जरा कापला पण वाक्य तिने पूर्ण केलं, कर्ता ती, क्रियापद तिचं. खाली उतरतोय तोच आजीचा फोन, “लागलं का गं?” मी म्हटलं, लागलं.

तर बाबांना सांगा, खुशाल ‘लागलं’ म्हणा. फक्त पत्रिका छापणार असाल तर त्यात ‘करून देण्याचे योजिले आहे’ नको, तुमच्या दोघांच्या नावाने ‘आम्ही लग्न करत आहोत’ एवढंच लिहा.