वाचकांचे प्रश्न : घरपोच आलेल्या इतिवृत्तावरची सही

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून साखर पेठेत राहते. विडी कामगार महिलांच्या मुलांसाठी पाळणाघर व अभ्यासिका चालवणाऱ्या एका नोंदणीकृत न्यासाची चार वर्षांपासून विश्वस्त आहे. आम्ही सात जण आहोत, पण कारभार अध्यक्ष आणि खजिनदारच पाहतात. सभा क्वचितच होते. शिपाई इतिवृत्ताचे रजिस्टर घरी आणतो आणि आम्ही सह्या करतो. गेल्या महिन्यात, न्यासाची नऊ लाखांची मुदत ठेव बँकेतून काढून दीड टक्का जास्त व्याज देणाऱ्या एका पतसंस्थेत ठेवण्याचा ठराव असाच आला. त्या पतसंस्थेवर खजिनदारांचे बंधू संचालक आहेत. मी सही न करता रजिस्टर परत पाठवले. मी नुसती सदस्य आहे. माझी जबाबदारी कितपत?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : रजिस्टर परत पाठवलेत, हे योग्यच केलेत. मात्र विश्वस्तांमध्ये ‘नुसता सदस्य’ असा वेगळा वर्ग कायद्याने मानलेला नाही. सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या पैशाची जेवढी काळजी घेतो, तेवढी काळजी विश्वस्ताने न्यासाच्या पैशाची घ्यावी, असे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये सांगितले आहे, आणि ते सातही जणांना लागू आहे. हिशेब खजिनदाराने लिहावेत, सभा अध्यक्षांनी चालवावी, अशी कामाची वाटणी जरूर करावी. परंतु त्यामुळे उरलेले पाच जण मोकळे होत नाहीत.

आता ठेवीविषयी. तातडीने लागणार नाही असा न्यासाचा पैसा कुठे ठेवावा, हे याच अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये ठरवून दिलेले आहे : अनुसूचित बँक (म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीत नाव असलेली बँक), टपाल खात्याची बचत बँक, शासनाने या कामी मान्यता दिलेली सहकारी बँक किंवा सरकारी रोखे. पतसंस्था, तिचा व्याजदर कितीही चढा असला तरी, या यादीत बसत नाही. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय तिथे पैसा ठेवणे म्हणजे कलमाचा भंग. शिवाय बँकेतील ठेवींना पाच लाखांपर्यंत जे विम्याचे संरक्षण असते, ते पतसंस्थेतील ठेवींना मिळत नाही. उद्या ती अडचणीत आली आणि विश्वस्ताच्या घोर निष्काळजीपणामुळे न्यासाचे नुकसान झाल्याचे चौकशीत ठरले, तर त्याच्याकडून भरपाई घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तेव्हा ठरावाखाली कोणाकोणाच्या सह्या आहेत, हेच प्रथम पाहिले जाईल.

खजिनदारांच्या बंधूंचे नाते लपवलेले नसले, तरी ते सभेत बोलून नोंदवले गेले पाहिजे आणि या विषयावरील निर्णयापासून खजिनदारांनी दूर राहिले पाहिजे. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याची गरज नाही. आपल्याकडे संस्था ओळखीपाळखीतून उभ्या राहतात, म्हणून हिशेब मागितला की अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. वास्तविक टॉवेलच्या कारखान्यातला मुनीम रोज संध्याकाळी रोकड जुळवतो, त्याचा कोणी राग धरत नाही.

मला ठरावापेक्षा शिपायाच्या हातातल्या त्या रजिस्टरची अधिक काळजी वाटते. न झालेल्या सभेचे इतिवृत्त लिहून त्यावर ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणून सही करणे, हे खोटे दस्तऐवज तयार करण्यास हातभार लावणे आहे, आणि चार वर्षे ते आपणही केले आहे, हे आपण स्वतःशी मान्य करावे. जुन्या पानांवर आता खाडाखोड करू नये. यापुढे विषयपत्रिका आधी लेखी मागावी, सभेत हजर राहावे, विरोध असेल तर तो आपल्या नावासह नोंदवायला सांगावा आणि सही करण्यापूर्वी ती ओळ स्वतः वाचावी. वर्षातून एकदा लेखापरीक्षकाचा अहवाल मागून घ्यावा. आर्थिक अनियमितता दिसल्या तर त्या त्यात नमूद करणे हे लेखापरीक्षकाचे कर्तव्यच आहे. बँकेचे पासबुक आणि रोजकीर्द शेजारी ठेवून दोन-तीन महिन्यांच्या नोंदी ताडून पाहायला तासभर पुरतो.

अनेक जण अशा वेळी राजीनामा देतात. तसे केल्याने मागच्या सह्यांची जबाबदारी संपत नाही. शिवाय विश्वस्त बदलल्याचा अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात दाखल व्हावा लागतो आणि तो झाला नाही, तर तिथल्या नोंदीत आपले नाव तसेच राहते. त्यामुळे सध्या पदावर राहूनच अध्यक्षांना एक पानी पत्र द्यावे, त्यात कलम ३५ चा उल्लेख करून ठेव न हलवण्याची विनंती करावी आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पत्रानंतरही ठेव हलवली गेली, तर त्या पोचेच्या प्रतीसह धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार करता येईल.