सोलापूरहून शनिवार-रविवारात रत्नागिरी कशी पाहावी?

रत्नागिरी दोन दिवसांत पाहून होईल का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्यासाठी शुक्रवारी रात्रीच निघावे लागेल, कारण मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट हा पल्ला साडेतीनशे किलोमीटरहून अधिक असून शनिवारी सकाळी निघाल्यास पहिला दिवस गाडीतच जातो. पोहोचल्यावर प्रथम टिळकांचे जन्मस्थान पाहावे व नंतर थिबा राजवाड्यात जावे. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजाला इंग्रजांनी येथे नजरकैदेत ठेवले आणि 1916 मध्ये त्याचे येथेच निधन झाले, हे ठाऊक असले म्हणजे त्या ओस दालनांतून फिरताना मन अधिक रेंगाळते. सूर्यास्त रत्नदुर्गावरून पाहावा. रविवारी पहाटे सुरूच्या बनाला लागून असलेल्या भाट्ये किनाऱ्यावर फिरून दुपारच्या जेवणानंतर परत फिरावे. गणपतीपुळे याच फेरीत कोंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडील कोरड्या उन्हाची सवय असली तरी तेथील दमट हवेत घामाच्या धारा लागतात, शिवाय जाड सोलापुरी टॉवेल तेथे रात्रभरात वाळत नाही, म्हणून सोबत पातळ पंचा घ्यावा.