राज्यसभेत गोव्याची एकच जागा का? सगळ्या राज्यांना समान जागा का नाहीत?

कारण आपल्याकडे राज्यसभेच्या जागा मुख्यतः लोकसंख्येवर ठरतात. त्या घटनेच्या चौथ्या अनुसूचीत दिल्या आहेत. उत्तर प्रदेशला 31, महाराष्ट्राला 19, गोव्याला 1. अमेरिकेत मात्र राज्य केवढेही असो, सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहात, 2 जागा ठरलेल्या.

आपल्या गोव्याला ही एक जागाही 30 मे 1987 ला घटक राज्य झाल्यावरच मिळाली.

खरी गोम निवडणुकीत आहे. आमदार एकल संक्रमणीय पद्धतीने, म्हणजे उमेदवारांना पसंतीक्रम देऊन, मत देतात. जागा जास्त असल्या की या पद्धतीत विरोधकांनाही वाटा मिळतो. इथे जागाच एक, त्यामुळे सगळ्या 40 आमदारांनी मतदान केले तर 21 मते ज्याच्याकडे, खासदार त्याचा. बाकीच्यांनी हात चोळत बसायचे, तेही सहा वर्षे. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात खरे, पण म्हादई नदीचे पाणी असो की खाणी, पणजीतले सरकार बदलले म्हणून दिल्लीतला आवाज लगेच बदलत नाही.

शिवाय 2003 पासून उमेदवार त्याच राज्यातला मतदार असण्याची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये ते वैध ठरवले. मला हे मुळीच पटलेले नाही.