गुडघ्याची वाटी, पट्ट्या आणि पुठ्ठा : चिलखत घडवणाऱ्यांचे प्रश्न

मध्ययुगीन युरोपातल्या पत्र्याच्या चिलखताची प्रतिकृती हाताने घडवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. गुडघ्यावरच्या कवचाने सगळ्यांनाच छळलेलं दिसतं, त्यामुळे तिथे जरा रेंगाळलो आहोत.

प्रश्न : माझ्याकडे वेगवेगळ्या चिलखतांची दोनेकशे छायाचित्रं जमली आहेत. त्यांतले आवडलेले भाग एकत्र करून आराखडा काढला तर चालेल का?

अंगावर घालायला चालेल, पण त्याला प्रतिकृती म्हणता येणार नाही. १३८० च्या सुमाराचं टोकदार शिरस्त्राण आणि १४८० चे जर्मन हातमोजे एका माणसाच्या अंगावर कधीच नव्हते. आधी एक दशक आणि एक प्रदेश ठरवा. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या जर्मन ‘गॉथिक’ कामात पन्हळी, उभे कंगोरे आणि निमुळती टोकं असतात. त्याच शतकातलं मिलानचं काम गोलसर आणि गुळगुळीत, शिवाय डावी-उजवी बाजू मुद्दाम वेगळी. भाल्याला जागा हवी म्हणून उजवा खांदा कापलेला, आणि घाव जास्त येतात म्हणून डावी बाजू मोठी व भक्कम. दोन्ही हात आरशातल्यासारखे सारखे केले की मिलानचा बाज तिथेच गेला.

काळ ठरला की एकच मूळ नमुना ‘मालक’ माना. ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयातलं १४४० च्या सुमाराचं ‘अव्हांत’ चिलखत यासाठी उत्तम, कारण ते बरंचसं पूर्ण आहे. दक्षिण टायरॉलमधल्या चुर्बुर्ग किल्ल्याचं शस्त्रागार आणि मान्तुआजवळच्या सान्ता मारिया देल्ले ग्रात्सिए देवळातल्या पुतळ्यांवर सापडलेली चिलखतं हेही भरवशाचे आधार आहेत. पुढच्या बाजूचे फोटो ढिगाने मिळतात, पण बकल कुठे, कातड्याची वादी कुठे हे पाठीकडूनच कळतं. त्यासाठी वॉरिकच्या सेंट मेरी चर्चमधला रिचर्ड बोशाँ या सरदाराच्या थडग्यावरचा धातूचा पुतळा पाहा. त्याच्या पाठीवरही चिलखताचे तपशील घडवलेले आहेत.

एक सावधगिरी. एकोणिसाव्या शतकात सुटे भाग जुळवून ‘पूर्ण’ चिलखतं विकली गेली. संग्रहालयाच्या नोंदीत ‘संयुक्त’, ‘नंतरची भर’ असे शब्द दिसले तर त्या भागाचं माप घेऊ नका. रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, विनाकारण पडलेली रिकामी भोकं हीदेखील बदलाची खूण असते.

प्रश्न : पत्रा किती जाडीचा घ्यावा? सगळीकडे १.६ मिमी वापरला तर मजबूत होईल ना?

मजबूत होईल आणि अंगावर वागवता येणार नाही. पोलादाची घनता पाहता १ चौरस मीटर पत्र्याचं वजन १.२ मिमीला साधारण ९.४ किलो, १.६ मिमीला १२.६ किलो आणि २ मिमीला १५.७ किलो भरतं. म्हणजे १.२ ऐवजी १.६ घेतला की वजन एक-तृतीयांशाने वाढलं. मूळचं रणांगणावरचं पूर्ण चिलखत साधारण २० ते २५ किलोंचं असे. घोड्यावर चढायला कप्पी लागायची ही कथा निव्वळ भाकड.

जुन्या कारागिरांनी जाडी सगळीकडे सारखी ठेवलीच नव्हती. शिरस्त्राणाचा पुढचा भाग आणि छातीचा मधला भाग जाड, बगलेकडे पातळ, दंड-पोटऱ्यांवर आणखी पातळ. आपण तयार पत्र्यातून काम करतो तेव्हा तोच हिशेब तुकड्यातुकड्याने पाळायचा : शिरस्त्राणाला २ मिमी, छातीला आणि गुडघ्या-कोपराच्या वाट्यांना १.६, बाकी हातपायांना १.२, बोटांच्या पट्ट्यांना १ मिमी. हे प्रदर्शनासाठी किंवा हलक्या सरावासाठी आहे. पूर्ण ताकदीच्या लढतींचे आयोजक किमान जाडी ठरवून देतात, तीच पाळा.

साधा सौम्य पोलादाचा, गार लाटलेला पत्रा शिकायला सर्वात सोयीचा. स्टेनलेस गंजत नाही, पण ठोकता ठोकता झपाट्याने कडक होतो आणि त्याची चकाकी दुरूनही ओळखू येते. जस्त चढवलेला पत्रा मात्र कामात आणूच नका. तापवल्यावर जस्ताचा धूर निघतो, तो फुप्फुसात गेला की थंडी वाजून ताप भरतो.

प्रश्न : गुडघ्याची वाटी ठोकताना कडेला चुण्या पडतात आणि शेवटी तिथेच चीर जाते. ती सांभाळून पूर्ण केली तर वरखालच्या पट्ट्या जोडल्यावर पाय वाकतच नाही. कुठे चुकतंय?

दोन वेगळ्या चुका आहेत. आधी वाटी घेऊ.

लाकडी ओंडक्यात साधारण १० सेंमी रुंद आणि २ ते २.५ सेंमी खोल खळगा कोरा. गोल डोक्याचा किलोभराचा हातोडा घ्या. कडेपासून बोटभर आत सुरुवात करा आणि घाव एकमेकांवर अर्धे चढवत गोल फेऱ्यांनी मध्याकडे या. पहिल्याच फेरीत कडेला लाटा उठतील. त्या लाटा पुढच्या फेरीआधी ऐरणीवर लाकडी हातोड्याने बसवा. तुम्ही ‘शेवटी एकदम सरळ करू’ म्हणून त्या वाढू देता, लाट दुमडते आणि दुमड चेपली की चीर ठरलेली. दुसरं कारण कापलेली कड. कातरीने कापल्यावर कडेला बारीक कुसळं राहतात, आणि प्रत्येक कुसळ म्हणजे भावी चिरेचं तोंड. कानस कडेच्या आडवी नको, लांबीच्या दिशेने चालवा आणि मग पॉलिश पेपर फिरवा. पत्रा हाताला ताठ लागायला लागला, ठोक्याचा आवाज बोदाऐवजी खणखणीत झाला, की थांबून तांबडालाल होईपर्यंत तापवा आणि हवेत गार होऊ द्या.

खळग्यात ठोकल्याने पत्रा ताणला जातो, म्हणून वाटी नेमकी गुडघ्याच्या टोकावर, म्हणजे जिथे घाव बसणार तिथेच, पातळ होते. १.६ मिमी घ्यायचं कारण हेच. कॅलिपरने अधूनमधून मध्याची जाडी मोजा. खोली फार हवी असेल तर अर्धं काम खळग्यात करा आणि उरलेलं गोल डोक्याच्या उभ्या ऐरणीवर बाहेरून ठोकून. त्या पद्धतीत कड आत दाबली जाते आणि धातू पातळ न होता दाटतो. वेळ चौपट लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आता अडकणारा सांधा. वाटीच्या वर एक आणि खाली एक किंवा दोन पट्ट्या असतात. त्या वाटीच्या आत सरकलेल्या असतात आणि पाय वाकला की पुढून बाहेर येतात. प्रत्येक जोडीला दोनच रिव्हेट, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या. पट्टी याच दोन टेकूंवर फिरते. अडकण्याची कारणं बहुधा या चारांपैकी असतात.

टेकू समोरासमोर नाहीत. डावीकडचा ४ मिमीने जरी वर गेला तरी पट्टी तिरकी फिरते आणि एका कोपऱ्यात रुतते.

पट्टी नुसती वाकवलेली आहे, खोलगट केलेली नाही. वाटी दोन्ही दिशांना गोल असते, तर पट्टी नळीसारखी. फिरताना तिची वरची कड वाटीच्या आतल्या पृष्ठभागात घुसते. पट्टीही किंचित खोलगट हवी, जणू जरा लहान वाटीतून कापून काढलेली. वाटीच्या आत मार्करची शाई लावून सांधा दोन-तीनदा फिरवा. शाई जिथे खरवडली जाईल तिथे पट्टी घासते आहे.

बाजूंना पट्टी फार रुंद आहे. समोर रुंद आणि टेकूकडे निमुळती, असाच तिचा आकार हवा. नाहीतर गुडघ्याच्या मागच्या बाजूला पट्ट्यांची टोकं एकमेकांना भिडतात आणि पाय अर्ध्यातच थांबतो.

रिव्हेट फार आवळला आहे. ठोकण्याआधी दोन पत्र्यांमध्ये पोस्टकार्डाच्या जाडीचा पुठ्ठा सरकवा, ठोकून झाल्यावर तो ओढून काढा. तेवढी ढील पुरते. रिव्हेटची काडी पत्र्याबाहेर तिच्या व्यासाइतकी किंवा थोडी जास्त उरू द्या. जास्त लांब ठेवली तर डोकं होण्याआधी ती भोकातच वाकते.

यातली पहिली तीन कारणं पत्रा कापायच्या आधीच पकडता येतात. अख्खा सांधा जाड पुठ्ठ्यात कापा, रिव्हेटच्या जागी फाइलमध्ये कागद लावायच्या पितळी पिना घाला, पायाला बांधा आणि उकिडवे बसा. समोर फट दिसली तर पट्टी मध्ये रुंद करा, मागे चिमटा बसला तर बाजूने कापा. पुठ्ठा खोलगट होत नाही, म्हणून त्याला कडेने छोटे काप देऊन चिकटपट्टीने आकार द्या. पाच-सहा पुठ्ठे वाया गेले तर रीतसर काम चाललं आहे असं समजा.

प्रश्न : खाली बसलं की छातीचा पत्रा हनुवटीवर येतो. गळा खोल कापू का?

गळ्याला हात लावू नका, खालची कड वर घ्या. आजकालची पँट कमरेखाली बसते आणि आपण पत्र्याची लांबी तिच्यावरून मोजतो, तिथेच घोळ होतो. मूळ छातीपत्रा खऱ्या कमरेशी, म्हणजे अंग बाजूला वाकवल्यावर जिथे घडी पडते तिथे, संपतो. त्याच्या खाली पोटाला आडव्या पट्ट्या असतात आणि वाकणं त्या सांभाळतात. बगलेचे कापही तपासा. दोन्ही तळहात समोर जोडून कोपरं एकमेकांजवळ आणता आली पाहिजेत. पत्रा दंडाला अडत असेल तर तिथे कापा.

प्रश्न : मांडीचं कवच चालता चालता खाली घसरतं. पट्टे कितीही आवळले तरी उपयोग नाही.

मांडी खाली निमुळती होत जाते, तिच्यावर पट्टा टिकणार कसा? मांडीमागचे पट्टे कवच पायाशी धरून ठेवण्यापुरतेच असतात, वजन त्यांनी पेलायचं नसतं. वजन वरून टांगायचं. कवचाच्या वरच्या कडेला कातड्याची जीभ रिव्हेटने बसवा, तिला जोडीने भोकं पाडा आणि घट्ट नाड्यांनी ती आतल्या डब्लेटला बांधा. डब्लेट म्हणजे फुगीर गादी नव्हे. दोन ते चार पदरी लिननचा, कमरेला अगदी चपखल बसणारा तो अंगरखा. त्याची कंबर नितंबाच्या हाडांच्या वर आवळलेली असली की भार तिथे उतरतो. ढिला ठेवलात तर भार खांद्यावर जातो आणि हात वर करताना दोन्ही पायही वर उचलावे लागतात!

या क्रमाने पाहिलं तर डब्लेट सर्वात आधी शिवावा लागतो, कारण पुढची सगळी मापं तो घालूनच घ्यायची असतात. उलट क्रम केल्यामुळे तयार चिलखत टाकून द्यावं लागलेले लोक कमी नाहीत.

प्रश्न : गळ्याची आणि बगलेची कड तारेवर गुंडाळताना फाटते. मांडीच्या सरळ कडेला मात्र काही होत नाही.

गळ्या-बगलेसारख्या खोलगट कापाच्या कडेवर पत्रा बाहेर उलटवला की कडेची लांबी वाढावी लागते, धातू ताणला जातो. सरळ कडेवर ताण नसतो. तारेच्या व्यासाच्या अडीच पट पत्रा कडेला सोडा, म्हणजे ३ मिमी तारेला ७.५ मिमी. कड एका दमात ९० अंशांत वळवू नका. पूर्ण लांबीवर थोडी थोडी करत चार-पाच फेऱ्या द्या, आणि गळ्याशी प्रत्येक फेरीआधी तेवढाच भाग लाल करा. तार नंतर ठेवायची.

नमुना पंधराव्या शतकातला असेल तर कड बहुतेक बाहेर वळलेली असते. आत वळवलेली, दोरासारखी पिळाची कड सोळाव्या शतकाची खूण आहे.

प्रश्न : ठोकून झाल्यावर पोलादाला पाणी द्यावं, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करावं का?

सौम्य पोलादात कार्बनच इतका कमी असतो की पाणी देऊन काही हाती लागत नाही. ०.५ टक्क्याच्या आसपास कार्बन असलेला पत्रा घेतला असेल तरच हा विचार करा, आणि तोही सगळी भोकं पाडून, सांधे जुळवून झाल्यावर. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादाला चुंबक चिकटेनासं होतं. त्याहून थोडं पुढे, ८३० ते ८५० अंशांपर्यंत न्या आणि तेलात बुडवा. मग लगेच निळा रंग येईपर्यंत, म्हणजे ३०० अंशांच्या आसपास, पुन्हा तापवून ठिसूळपणा काढा. ही दुसरी पायरी चुकली तर तुकडा जमिनीवर पडूनही तडकू शकतो. पातळ पत्रा पिळवटतो, त्यामुळे मांडीच्या कवचासारख्या लांब भागाचं माप हलतंच. तेलाला झाकण असलेलं लोखंडी भांडं वापरा, काम उघड्यावर करा. पेटलं तर झाकण टाका, पाणी नाही.

प्रश्न : हातोड्याच्या खुणा ठेवल्या तर हाताने घडवल्यासारखं दिसेल ना?

दिसेल, पण आजच्या माणसाला. मूळ कारागीर बाहेरची बाजू मठारून, म्हणजे हलक्या ठोक्यांनी सपाट करून, आणि घासून गुळगुळीत करत, ठोक्यांच्या खुणा राहायच्या त्या आतून. तिथे त्या तशाच ठेवा. बाहेरून नीट मठारलंत तर ग्राइंडर कमी लागतो आणि कष्टाने राखलेली जाडीही टिकते. मग ८०, १२०, २२० आणि ४०० क्रमांकाचा पॉलिश पेपर, प्रत्येक आधीच्या आडव्या दिशेने, म्हणजे मागचे ओरखडे शिल्लक असतील तर लगेच दिसतात. वापरानंतर घाम पुसून तेल लावा, ठेवणीत मेण. गंज सर्वात आधी कातडी वादीखाली धरतो आणि तिथे नंतर हात पोचत नाही. म्हणून वादी रिव्हेटने बसवण्याआधीच पत्र्याची ती जागा तेलाने पुसून घ्या.