‘डन्स’ म्हणजे ढ, पण डन्स कोण?

प्रश्न असा: इंग्रजीत ढ माणसाला ‘डन्स’ म्हणतात, तो शब्द खरंच एका ख्रिस्ती पंडिताच्या नावावरून आला, की ही व्हॉट्सॲपवरची थाप?

थाप नाही. जॉन डन्स स्कोटस हा स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा फ्रान्सिस्कन संन्यासी. म्हणजे आपल्या ‘-कर’ आडनावांसारखाच प्रकार. ऑक्सफर्ड आणि पॅरिसला शिकवून १३०८ साली जर्मनीतल्या कोलोनला वारला, तेव्हा जेमतेम चाळिशी ओलांडली होती. त्याची पदवी होती ‘सूक्ष्म आचार्य’, आणि ती साजेशी होती. एकाच साच्यातून काढलेल्या दोन पितळी वाट्या घ्या. आकार तोच, धातू तोच. मग ही वाटी ‘ही’च कशामुळे? स्कोटसचं म्हणणं, प्रत्येक वस्तूत तिचं स्वतःचं ‘हेपण’ असतं आणि ते आकारातही नसतं, धातूतही नसतं. ढ माणसाला हा प्रश्नसुद्धा पडणार नाही.

नाव घालवलं ते पुढच्या भांडणानं. सोळाव्या शतकात ग्रीक-हिब्रूच्या नव्या अभ्यासाचं वारं सुटलं आणि स्कोटसचे अनुयायी जुन्या तर्कपद्धतीला चिकटून राहिले. विरोधक त्यांना ‘डन्स’ म्हणून हिणवू लागले. १५३५ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचे अधिकारी ऑक्सफर्डला तपासणीला गेले. त्यांच्यातल्या रिचर्ड लेटननं राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याला मोठ्या खुशीत कळवलं, की न्यू कॉलेजच्या चौकात डन्सच्या पोथ्यांची पानं वाऱ्यावर उडताहेत आणि एक गृहस्थ ती गोळा करतोय. कशाला? रानातली हरणं बाहेर पडू नयेत म्हणून बुजगावणी करायला!

अर्थ घसरला तो पायरीपायरीनं: आधी शब्दांचा कीस काढणारा, मग पुस्तकी किडा, आणि शेवटी नुसता ढ. वर्गात ढ पोरांच्या डोक्यावर चढवायची ती टोकदार ‘डन्स कॅप’ मात्र स्कोटसच्या माथी मारू नका. ज्ञान डोक्यात उतरावं म्हणून तो तशी टोपी घाली, या गोष्टीला त्याच्या काळातला काहीही आधार नाही.

त्याच्या वाट्याला आणखी एक घोटाळा आला. दुसऱ्यांचे ग्रंथ त्याच्या नावावर खपत राहिले. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरनं १९१५ मध्ये स्कोटसवर म्हणून प्रबंध लिहिला, त्यातला व्याकरणविषयक ग्रंथ एरफुर्टच्या थॉमसचा निघाला. १९३८ पासून अभ्यासकांचं एक मंडळ हस्तलिखितं ताडून पाहू लागलं, १९५० पासून चिकित्सक आवृत्तीचे खंड निघू लागले, तेव्हा कुठे खरा स्कोटस हाती येऊ लागला. पोपनं १९९३ मध्ये त्याला ‘धन्य’ (संतपदाच्या अलीकडची पायरी) म्हणून मान्यता दिली. डिक्शनरीतली शिवी मात्र तशीच आहे.

तेव्हा भाषांतर करणाऱ्यांनो, आजच्या इंग्रजीतल्या ‘डन्स’ला ‘ढ’ खुशाल म्हणा. पण १५३० च्या सुमाराचा, बायबल इंग्रजीत आणणारा विल्यम टिंडल जेव्हा ‘डन्सच्या चेल्यां’वर तुटून पडतो, तेव्हा तिथे ‘ढ’ चालणार नाही. तो चिडलाय ते काथ्याकूट करणाऱ्या पंडितांवर.