शेणपाण्यात हवा सोडण्याआधी

भाऊ, शेणपाण्याच्या टाकीत हवा सोडली की फॉस्फरस उडून जातो, हे डोक्यातून काढा. उडतो तो नायट्रोजन, अमोनिया होऊन. म्हणून ब्लोअर (हवा सोडणारं यंत्र) रात्रंदिवस चालवू नका. हवेनं शेणपाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघतो, सामू (pH) 8 च्या वर चढतो आणि विरघळलेला फॉस्फरस कॅल्शियम-मॅग्नेशियमशी बांधला जाऊन बारीक कण धरतो. मग ब्लोअर बंद करून निवळू द्या. वरचं पाणी नेपियर गवताला, तळचा गाळ वाळवून काटोलकडच्या संत्राबागेला. आपल्या काळ्या, चुनखडीच्या मातीत फॉस्फरस तसाही अडकतो, तेव्हा गाळ वरवर फेकू नका, झाडाच्या आळ्यात मिसळा. फेस येणारच (पहिल्यांदा बघून घाबराल!), टाकी काठोकाठ भरू नका. सामू मात्र pH-कागदानंच तपासा, वासावरून नाही.